गुडघे टेकणारी गाडी

शनिवारी सकाळी ओनोफ्रे माएस्तास कमरेपर्यंत गाडीच्या डिकीत शिरला होता. बाहेर राहिलेले दोन पाय तेवढे त्याच्या बायकोशी भांडत होते.

"दुकानात का नेत नाहीस?" एर्लिंडाने विचारलं. तिच्या एका हातात कॉफी होती आणि दुसऱ्यात हिरव्या मिरचीचं कालवण भरलेली पोळी.

"कुठल्या दुकानात? एलॉयने नेली होती त्या?"

"एलॉयने नेली म्हणून दुकान वाईट होत नाही."

"दुकान चांगलंच आहे. पण मी तिथे गेलो की संध्याकाळच्या आत एलॉयला कळणार. मग उद्या मिरवणुकीत तो सगळ्यांना सांगत सुटणार, आमच्या कोंपाद्रेला साधा अ‍ॅम्प्लिफायर जोडता येत नाही."

"येतो का?"

पाय आणखी थोडे आत सरकले.

एर्लिंडाच्या बहिणीचा नवरा तो एलॉय. म्हणजे दोघे साडू. शिवाय एकमेकांच्या मुलांचे धर्मपिता, म्हणून एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणायचे आणि 'अहो-जाहो' करायचे. इतक्या आदराने एकमेकांचे पाय ओढणारे दुसरे दोघे एस्पान्योला गावच्या खोऱ्यात नव्हते. त्या खोऱ्यात माणसाची किंमत त्याच्या गाडीवरून ठरते, आणि गाडीची किंमत ती किती हळू चालते आणि किती खाली बसते यावरून. ओनोफ्रे आठवडाभर शाळेची बस चालवी आणि रविवारी रेयना चालवी. रेयना म्हणजे राणी. चौसष्ट सालची, आकाशाहून निळी, लांबलचक इंपाला गाडी. तिच्या डिकीत तेलाचे पंप होते आणि ते चालवायला सहा बॅटऱ्या. डॅशबोर्डखालचं एक बटण दाबलं की तिचं नाक वर उठे, दुसरं दाबलं की खाली येई. अंगणात ती कायम पोट टेकून बसलेली असे. बाहेर जायचं झालं की अंड्यांवरून कोंबडी उठावी तशी उठे.

पण या वर्षी प्रश्न रेयनाच्या दिसण्याचा नव्हता, आवाजाचा होता. आणि आवाजाचा प्रश्न सासूबाईंनी उभा केला होता.

सासूबाईंचं नाव सिप्रियाना, पण सगळं गाव तिला मानाने 'डोन्या' म्हणे. या वर्षी ती देवळाची मायोर्दोमा, म्हणजे कारभारीण होती. देवळाच्या किल्ल्या तिच्याकडे, झाडलोट तिच्याकडे आणि शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याची लाकडी मूर्तीही तिच्याकडे. संताच्या दिवशी मूर्ती मांडीवर घेऊन ती पहिल्या गाडीत बसणार, मागे सगळं गाव चालणार. एरवी ही पहिली गाडी एलॉयची असे. पण भजन म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मेळ्यात आता दोघेच उरले होते. एकाला दम नव्हता, दुसऱ्याला दात नव्हते. म्हणून ठरलं, की मेळ्याची जुनी ध्वनिफीत गाडीतून लावायची. त्या फितीत सगळ्यांत खालच्या पट्टीत गाणारा आवाज होता डोन्याच्या नवऱ्याचा, दिवंगत बेनेरितोचा.

एलॉयने मोठ्या ऐटीत आपल्या गाडीत फीत लावून दाखवली. डोन्याने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "हा माझा बेनेरितो नाही. याला सर्दी झालीय."

मग तिने जाहीर केलं, "ज्याच्या गाडीत माझा नवरा नीट गाईल, त्याच्या गाडीत मी बसेन."

लग्न झाल्यापासून ओनोफ्रे या बाईच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायची वाट पाहत होता. तो डोंगरापलीकडच्या मोरा गावचा. डोन्याच्या लेखी डोंगरापलीकडे मेंढ्या चांगल्या होत्या, माणसांबद्दल तिला खात्री नव्हती. म्हणून त्याने सबवूफर आणला. खर्जाचा आवाज काढायला मोठा भोंगा लागतो, आणि भोंग्याला ताकद द्यायला अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

डिकीत पंपांमुळे जागाच नव्हती, तेव्हा भोंग्याचं खोकं मागच्या सीटवर बसलं. "म्हणजे आई पुढे बसणार, तुझ्या शेजारी," एर्लिंडा म्हणाली.

"बसू दे."

"अख्खा रस्ता?"

ओनोफ्रेने तारा हातात घेतल्या.

अ‍ॅम्प्लिफायरला मुख्य तारा तीनच. जाड तार बॅटरीकडून वीज आणते. दुसरी गाडीच्या उघड्या लोखंडाला घट्ट बसवायची, म्हणजे विजेला परतीची वाट मिळते. तिसरी बारीक तार येते फीत वाजवणाऱ्या रेडिओकडून. तिचं काम घरातल्या थोरल्या सुनेसारखं. रेडिओ उठला की ती अ‍ॅम्प्लिफायरला हलवून उठवते, रेडिओ झोपला की त्यालाही झोपवते.

जाड तारेसाठी पुढच्या बॅटरीपर्यंत जायचा ओनोफ्रेला कंटाळा आला. डिकीतल्या सहा बॅटऱ्यांपैकी एकीला त्याने ती जोडून टाकली. दुसरी तार त्याने डिकीतल्या रंगवलेल्या पत्र्याला आवळली. रंगातून वीज परत जात नाही, त्यामुळे भोंगा गाण्याऐवजी डास पाळल्यासारखा गुणगुणू लागला. शेवटी मन घट्ट करून त्याने टिकलीएवढा निळा रंग खरवडला. स्वतःची भुवई खरवडावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

तिसऱ्या तारेसाठी तो डॅशबोर्डखाली आडवा झाला आणि वर बघून थबकला. वर तारांचं जंगल होतं आणि जंगलातलं प्रत्येक झाड निळं होतं. जगात लोक वेगवेगळ्या कामाला वेगवेगळ्या रंगाची तार वापरतात, ते उगाच नाही. पण पंप बसवताना ओनोफ्रेने विचार केला होता, की निळ्या गाडीत लाल-पिवळ्या तारा बऱ्या दिसणार नाहीत. त्या एकरंगी तारांबद्दल त्याला प्रदर्शनात चषकही मिळाला होता.

"सापडली का?" एर्लिंडाने विचारलं.

"सापडली," ओनोफ्रे म्हणाला. त्याला एकीऐवजी चार सापडल्या होत्या. त्यातल्या रेडिओच्या जवळच्या दोन सोलून त्याने अ‍ॅम्प्लिफायरच्या तारेबरोबर पिळल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. एक तार रेडिओचीच होती. दुसरी होती गाडीचं नाक खाली आणणाऱ्या बटणाची. म्हणजे आता रेडिओ लावला की अ‍ॅम्प्लिफायर उठणार होता आणि गाडी बसणार होती.

हे त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. पण गाडी अंगणात आधीच पोट टेकून बसलेली होती. बसलेल्याला आणखी कसं बसवणार? रेडिओ लागला, भोंगा घुमला, खिडकीची काच थरथरली. सगळं कसं झकास.

दुपारी डोन्या सिप्रियाना ऐकायला आली. ती पुढच्या सीटवर बसली, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. बेनेरितोचा आवाज सीटमधून तिच्या पाठीत शिरला.

"हा बेनेरितो," ती म्हणाली. उतरताना तिने ओनोफ्रेकडे पाहिलं. "उद्या लवकर ये, पोरा. आणि टाय लाव."

'पोरा' हा शब्द ओनोफ्रेने प्रथमच ऐकला. त्याने त्याच दिवशी टाय लावून पाहिला.

रविवारी देवळासमोर सगळं गाव जमलं. ओनोफ्रेने बटण दाबून रेयनाला रुबाबात उंच उभं केलं. शेजारी डोन्या, तिच्या मांडीवर सान इसिद्रो आणि त्याची लाकडी बैलजोडी. मागच्या गाडीत एलॉय. तो उतरून खिडकीशी आला.

"अभिनंदन, कोंपाद्रे. सगळं एकदा तपासून घेतलंत ना?"

"घेतलं, कोंपाद्रे. तुम्ही फक्त मागे राहा."

फादर नेमेसियोंनी पवित्र पाणी शिंपडलं आणि मान हलवली. ओनोफ्रेने रेडिओ लावला. बेनेरितोने पहिला सूर लावला, आणि रेयनाने मोठा सुस्कारा सोडून नाक खाली, खाली, थेट जमिनीला टेकवलं.

सगळ्या माना पुढे वळल्या. मग एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला. "बघा तरी," ती म्हणाली, "गाडीने गुडघे टेकले."

पुरुषांनी टोप्या काढल्या. फादरनी, काय करावं हे न सुचून, आणखी थोडं पाणी शिंपडलं. डोन्याने मान वळवून जावयाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे तू केलंस?"

"मीच केलं," ओनोफ्रे म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण गुडघ्यांवर गाडी चालत नाही. त्याने नाक उचलायचं बटण दाबलं. पंप कण्हला, पण नाक जागचं हललं नाही. रेडिओ बंद करून पुन्हा दाबलं, तशी गाडी उठली. गाडी चालू लागली, पण आता बेनेरितो गप्प.

"हा का थांबला?" डोन्याने विचारलं.

ओनोफ्रेने रेडिओ लावला. गाडी बसली. मागे एलॉयने करकचून ब्रेक दाबला. तेव्हा ओनोफ्रेच्या लक्षात आलं, की आज एक तर सासरा गाईल, नाहीतर गाडी चालेल. दोन्ही एकदम जमणार नाही. संताला शेतांच्या पाटापर्यंत न्यायचं होतं आणि अख्खा रस्ता पडला होता. सासूबाईंनी उठून मागच्या गाडीची वाट धरली, तर कालचा 'पोरा' कालच राहणार होता.

समोर एका फाटकाशी फुलं ठेवलेलं टेबल मांडून म्हातारी एरास्मा उभी होती. ओनोफ्रेला जे सुचलं ते तो बोलून गेला. "डोन्या, मी म्हटलं, चालत्या गाडीत भजन नको. प्रत्येक दारात थांबू, गुडघे टेकू, एक कडवं होऊ दे, मग पुढे."

डोन्याने विचार केला. "माझ्या आजीच्या वेळी असंच थांबत," ती म्हणाली. "तुला कोणी सांगितलं?"

"आतून वाटलं."

मग काय, दारोदार तसंच झालं. गाडी थांबे, गुडघे टेके, बेनेरितो गाई, लोक त्याच्या मागे म्हणत, गाडी उठे. दम नसलेल्या म्हाताऱ्याला दम खायला वेळ मिळाला, त्यामुळे तोही गाऊ लागला. घराघरांतून बिस्कोचितो बिस्किटांची ताटं बाहेर आली. एलॉय मागून दर थांब्याला खिडकीतून डोकं काढून बघत होता. त्याला काहीतरी कळत होतं, पण लोक डोळे पुसत असताना कोण बोलणार?

मात्र बॅटऱ्यांना भक्ती कळत नाही. गाडी उचलायला त्याच, भोंगा वाजवायलाही त्यातलीच एक. रेयना प्रत्येक दारातून आधीपेक्षा सावकाश उठू लागली. अखेर एका फाटकासमोर तिने गुडघे टेकले, कडवं संपलं, ओनोफ्रेने बटण दाबलं. डिकीतून म्हाताऱ्या बैलासारखा एक हुंकार आला, बस्स. नाक जमिनीवरच राहिलं.

ते फाटक एलॉयचं होतं.

एलॉय उतरून आला आणि खिडकीत वाकला. "बॅटरी?" त्याने हळूच विचारलं.

"बॅटरी."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"थांबा, मी माझ्या गाडीवरून तार देतो. कोणाला काही कळणार नाही."

"कुठे निघालास?" डोन्या म्हणाली. "संत बसलेत ना इथे."

"आई, ती गाडी जरा..."

"इतक्या दारांतून उठले, तुझ्या दारातून उठत नाहीत. एवढंही कळत नाही? आजचं जागरण त्यांना तुझ्या घरी हवंय. प्रेसिला, बाहेर ये."

एलॉयची बायको धावत आली. "आई, घरात फक्त घेवडा शिजतोय."

"मग त्यात पाणी घाल."

एलॉयने टोपी काढली. वर्षानुवर्षं हा संत त्याच्या गाडीतून याच फाटकावरून पुढे गेला होता, पण आत कधी आला नव्हता. त्याने मूर्ती दोन्ही हातांनी घेतली आणि तो जपून पायरी चढला. ओनोफ्रे बघत राहिला. साडूला मागे टाकायला त्याने एवढा खटाटोप केला, आणि त्याच्याच गाडीने संताला नेऊन साडूच्या घरात बसवलं होतं.

संध्याकाळी गावभरातून पोसोलेची, म्हणजे मक्याच्या रश्शाची, पातेली आली. ओनोफ्रे कोपऱ्यात वाडगा घेऊन बसला होता, तर लोक एकेक करून शेजारी येऊन बसू लागले. "पुढच्या वर्षी आमच्या दाराशी बघा ना काही जमलं तर." ओनोफ्रे फक्त म्हणे, "ते माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी एलॉय स्वतःच दिवा आणि पक्कड घेऊन आला. दोघे साडू डॅशबोर्डखाली एकमेकांच्या कोपरांत कोपर अडकवून पडले. चूक सापडल्यावर एलॉय इतका हसला, की त्याचं डोकं वर आपटलं. त्यांनी तारा सोडवल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावली, बॅटऱ्या भरल्या, रेयनाला उभं केलं आणि रेडिओ लावला. बेनेरितो घुमला. रेयना ताठ उभी राहिली.

नेमकी तेव्हाच डोन्या सिप्रियाना फाटकातून आत आली. थेट पुढच्या सीटवर बसली. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. ती वाट बघत होती.

"ही वाकत का नाही?"

"ती चूक होती, डोन्या," ओनोफ्रे म्हणाला. आता खरं सांगून टाकावं असं त्याला वाटलं. "तार चुकली होती. आता नीट केली."

डोन्याने दोघा जावयांकडे आळीपाळीने पाहिलं. "चांगली चालती गाडी," ती म्हणाली, "आणि दोघांनी मिळून बिघडवलीत." ती उतरली, रुमाल सारखा केला. "पुढच्या वर्षीही मी याच गाडीत बसणार आहे, पोरा. तोवर दुरुस्त करून ठेव."

ती फाटकाबाहेर जाईपर्यंत दोघे हात बांधून उभे होते.

"बरोबर जोडायला आपल्याला अख्खी दुपार लागली, कोंपाद्रे," एलॉय म्हणाला. "आता चुकीचं जोडायला किती वेळ लागेल?"

ओनोफ्रेने त्याच्या हातातली पक्कड घेतली. "तुम्ही बसा, कोंपाद्रे, कॉफी घ्या," तो म्हणाला. "ते मला एकट्याला जमतं."