येसोपंतांनी छत्र बदलिले त्याची हकीकत

श्रीविघ्नहर्ता समर्थ. जो पोटास अन्न देतो आणि अन्नास पोट देतो, त्याचे स्मरण करून लिहितो. शके सोळाशे शहाण्णव, जयनाम संवत्सर, भाद्रपदमास, ते समयीचे हे वर्तमान. बाळांनो, जवळ सरकून बसा आणि क्षणभर डोळे मिटून मनात ऐसे आणा की तुम्ही भर उन्हात उभे आहात, डोईवर काही नाही, आणि पुढे एक थोर वड आहे. वडाचे सावलीत पुष्कळ मंडळी आहेत. सावली फुकट नाही. जो तो दरमहा एक तांब्या पाणी वडाचे मुळाशी घालतो. रोज कोणी सावलीत बसत नाही, परंतु ज्या दिवशी ज्याचे डोके तापले तो त्या दिवशी येऊन बसतो, आणि पाणी मात्र सर्वांनी घातलेले असते. ऐसे मनात आले? मग आता डोळे उघडा. राज्य कोणते म्हणोन पुसू नका, ते मजला ठाऊक नाही.

त्या राज्यात दोन दरबार होते. एक नदीकाठी, त्यास खालचा दरबार म्हणत, आणि एक घाटमाथ्यावर, त्यास वरचा म्हणत. दोन्ही दरबारी एक उत्तम चाल होती, तिचे नाव औषधछत्र. दरबारचा जो चाकर, त्याने दरमहा थोडे धान्य छत्राचे कोठारात घालावे, आणि तो किंवा त्याचे घरचे माणूस दुखण्यास पडले तर वैद्याचा खर्च कोठाराने सोसावा. छत्राखालील चाकराचे खांद्यावर हिरवा शेला असे. चाकरी सोडली की शेला परत द्यावा आणि नवी चाकरी धरली की नवा घ्यावा, ऐसा शिरस्ता.

खालचे दरबारी येसोपंत म्हणोन नकाशे काढणार होते. हात सोन्याचा, परंतु देह थोर. त्यांस येताना पाहोन पालखीचे भोई एकमेकांकडे पाहात. गड चढवेना, म्हणोन पंत पायथ्याशी बसून गुराख्यांस पुसून गडाचे नकाशे काढीत. आणि एकदा एका गुराख्याने थट्टेने नसलेली विहीर सांगितली, ती पंतांनी निळ्या शाईने सुरेख काढिली, आणि फौज गडावर जाऊन दिवसभर तहानेली ती विहीर शोधीत राहिली. लोक पोट धरून हसले. परंतु घरी आवडाबाई, पंतांची बायको, हसत नसे. कारण निजेत पंतांचा श्वास अडके आणि ती उठून बसे, तो पुन्हा चालू होईतो. उपास सर्व करून जाहले. चातुर्मास जाहला, एक वर्ष नुसत्या ताकावर काढिले. उतरलेला देह दिवाळीस व्याजासकट परत येई. मग भानंभट शल्यवैद्यांनी तपासून सांगितले, "पंत, हा खादाडपणा नव्हे, हा रोग आहे. शस्त्र लावितो आणि पोट करवंटीएवढे राखितो." छत्राचा कोठारी कुरकुरला, "जास्त जेवणाऱ्याचा खर्च आम्ही कमी जेवणाऱ्यांनी का द्यावा?" तेव्हा भानंभट बोलिले, "लंगड्यास काठी देता, तेव्हा तू पडलास का, म्हणोन भांडता काय?" मग खर्च छत्राने सोसिला. शस्त्रास यश आले. वर्ष सरता पंत ऐसे हलके जाहले की त्यांची नऊ वर्षांची लेक ठकू त्यांस जिन्यावर शिवून पळे आणि पंत तिला खरोखरच धरीत. मात्र भानंभटांनी बजाविले की, हे पोट जन्मभर सांभाळावयाचे; चूर्ण चुकवावयाचे नाही, दरवर्षी दाखवावयाचे, आणि कोणी वैद्याने पुसले तर शस्त्र लागल्याचे सांगावयाचे.

मग वरचे दरबारचे बोलावणे आले, की आता आपण गड चढता ऐसे ऐकितो, तरी येऊन आमचे सर्व गड डोळ्यांनी पाहोन नकाशे करावे. पंतांस आनंद जाहला, आणि ठकूस त्याहून जास्त, कारण ढग वरून कैसे दिसतात ते तिला पाहावयाचे होते. पंतांनी अनंतचतुर्दशीस खालची चाकरी सोडिली आणि शेला कोठाऱ्याचे हाती दिला. कोठारी म्हणाला, "पंत, आमची सावली आज सूर्यास्तापर्यंत." पंतांस वाटले हा निरोपाचा गोड शब्द आहे, म्हणोन त्यांनीही हात जोडून म्हटले, "आपली सावली सदैव राहो." आणि घरी आले.

आता येथे चूक कैसी जाहली ती नीट पाहा, बाळांनो, कारण ही चूक मूर्खाची नव्हे, चांगल्या घरची आहे. चतुर्दशीनंतर पितृपंधरवडा लागतो. त्यात वाडवडिलांस जेवू घालितात आणि नवे काम आरंभीत नाहीत. पंतांची यमुआत्या घरात वडील. ती म्हणाली, "येसू, घटस्थापनेस नवा शेला घे. या दिवसांत नव्या उंबऱ्यात पाऊल नको." सर्वांनी मान हलविली. आणि दुसरी गोष्ट आळीतील शहाण्यांनी शिकविली, की वरच्या दरबारी शस्त्राचे बोलू नये. जुनाट रोगी म्हणोन छत्राखाली घेणार नाहीत. पोटातले पोटात ठेवावे. आत्यासही ते पटले. मग ठकूस समोर बसवून पाठ दिला, "कोणी पुसले तर काय सांगशील?" ठकू हुशार. म्हणाली, "आबा उपासांनी रोडावले." "शाबास," आत्या म्हणाली आणि तिला खडीसाखर दिली. पंत तेथेच होते.

मग पितृपंधरवड्यात एके दिवशी पंतांचे उजव्या कुशीत कळ उठली, ऐसी की ताट लोटून ते भुईवर आडवे जाहले. भानंभट आले, बोटांनी चाचपिले आणि म्हणाले, "झपाट्याने रोडावलेल्या माणसाचे पित्ताशयात कधी कधी खडे धरतात. माझे चूर्ण कळ थांबवील, खडे थांबविणार नाही. अमावास्येच्या आत शस्त्र लावावे. उशीर केलात तर पुढचे सांगवत नाही." पंत तसेच उठून खालच्या कोठाऱ्याकडे गेले. कोठाऱ्यास वाईट वाटले, परंतु त्याने हात जोडिले, "पंत, सूर्यास्त तर होऊन गेला." तेव्हा पंतांस कळले की आपण दोन वडांच्या मध्ये उन्हात उभे आहो, आणि डोके नेमके आजच तापले आहे. पदरचे देऊन शस्त्र लावावे तर राहते घर जाते. घटस्थापनेपर्यंत थांबावे तर जीव जातो.

घरी बोलाचाली जाहली. आत्या म्हणाली, "पितृपंधरवड्यात नवी चाकरी? पितर काय म्हणतील?" आवडाबाई कधी उलट बोलत नसे, ती त्या दिवशी बोलिली, "आत्याबाई, पितरांस जेवू घालणारा तरी उरावयास नको का?" आत्या म्हणाली, "अगं, पण माझ्या सासऱ्यांनीसुद्धा…" "तुमचे सासरे कुशीत खडे घेऊन हिंडत नव्हते," आवडाबाई म्हणाली आणि गाडीस बैल जुंपावयास सांगितले. आत्याने उठून वाटेसाठी मऊ भात बांधून दिला आणि म्हणाली, "बरे, जा. पण शस्त्राचे बोलू नका हो."

मग पंत, आवडाबाई आणि ठकू ऐसे तिघे वर गेले. देवडीवरचा शिपाई हसला, "काय पंत, वाट चुकलात? या दिवसांत आमच्याकडे कावळाही चाकरी धरीत नाही." पंतांनी छत्रकारभारी सुभानजींची भेट मागितली. वरचे दरबारी चाल ऐसी की, छत्राखाली घेण्यापूर्वी कारभाऱ्याने माणसास कोठाराचे दारी उभे करून मोठ्याने पुसावे आणि माणसाने मोठ्याने सांगावे. सुभानजी उंच, मिशा पांढऱ्या, बोलणे रोखठोक. त्यांनी पुसिले, "आजवर काय दुखले, आज काय दुखते, आणि शस्त्र कुठे लागले?" आणि मग हसून म्हणाले, "मी आपणांस पूर्वी पाहिले आहे. तेव्हा आपणांस दोन पालख्या जोडून आणीत. इतके हलके कैसे जाहलात?"

पंतांनी तोंड उघडिले. "उपास" हा शब्द ओठांवर आला. आणि त्यांची नजर ठकूवर गेली. ठकू हात जोडून उभी होती, आणि शाळेत पंतोजींचे मागून मुले जैसी म्हणतात तैसे तिचे ओठ आवाज न करिता हालत होते: आबा उपासांनी रोडावले. एक अक्षर चुकत नव्हती. पंतांस ती कळ कुशीतल्या कळेहून मोठी वाटली. मग त्यांनी मोठ्याने सर्व सांगितले; श्वास अडके तो, शस्त्र लागले ते, करवंटीएवढे पोट, जन्माचे चूर्ण, पित्ताचे खडे, आणि अमावास्येची मुदत. सांगून म्हणाले, "आता छत्र द्यावे न द्यावे, आपली मर्जी. लपविण्याचे शिकवून आणिले होते, ते साधले नाही."

सुभानजी बोलिले, "शिकविणारे शहाणे दिसत नाहीत. पंत, खड्यांसाठी आमचा वैद्य पोट उघडणार. पहिल्या शस्त्राची खूण त्यास दिसणार नाही काय? मग खोटे बोलला म्हणोन आपला शेला जाता, आणि बाईसाहेबांची आणि मुलीची सावलीही जाती. आमचा नियम ऐका. जो एका सावलीतून दुसरीत पाऊल टाकितो, त्याचे जुने दुखणे त्याजबरोबर आत येते. जो मध्ये महिनाभर उन्हात राहिला, त्याचे जुने दुखणे वर्षभर दाराबाहेर बसते. आपण महिन्याचे आत आलात, म्हणोन खालची सावली आमच्या सावलीस जोडून मोजू. परंतु उन्हात जो खर्च जाहला तो कोणाचाच नव्हे, आणि जन्माचे चूर्ण छत्रात बसत नाही, ते पदरचे. शस्त्राच्या खर्चाचाही एक वाटा आपला." पंत म्हणाले, "घटस्थापनेस आलो असतो तर?" सुभानजी म्हणाले, "शेला मिळाला असता. खांदा असता की नाही, ते भानंभटांस पुसा. दर वर्षी या पंधरवड्यात कोणी ना कोणी ऐसा भाजतो, आणि मजला सांगावयास येते त्याची विधवा."

मग पंतांनी त्याच दिवशी, मुहूर्त न पाहता, शेला घेतला. अमावास्येपूर्वी शस्त्र लागले, खडे निघाले, आणि घर राहिले. आत्याने पुढे कित्येक दिवस अबोला धरिला, परंतु चूर्णाची पुडी वेळेस पुढे करी.

तात्पर्य थोडे आहे. मुहूर्त पाहू नये ऐसे मी म्हणत नाही. मुहूर्त पाहावा आणि ऊनही पाहावे. जुनी सावली सोडण्यापूर्वी ती कधी सरते हे पुसावे, नवी कधी लागते हे पुसावे, आणि मधले अंतर पावलाएवढे राखावे. देहावर जे घडले ते लाजेचे नसते. ज्यांनी मुळाशी पाणी घातले त्यांस ते खरे सांगावे, कारण सावली त्यांची आहे. इतके ध्यानी राहिले तर लिहिण्याचे सार्थक.

आता म्हणाल, ठकूचे काय? तर छत्र घरच्या माणसांवरही असते, म्हणोन पंतांचे सांगून होताच सुभानजींनी आवडाबाईस पुसिले, आणि तिने दाढ दुखते म्हणोन सांगितले. मग कारभारी ठकूकडे वळले आणि तितक्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "आणि बाई, आपले काय?" ठकूने आबांकडे पाहिले. आबांनी मान हलविली. तेव्हा ती कोठाराचे दारी नीट मांडी घालून बसली, परकर सारून गुडघ्याची जुनी खूण दाखविली, आणि पेरूच्या झाडावरून तिला, घरी सांगितले होते तैसे, शेळीने ढकलिले नव्हते, येथपासून सांगावयास लागली.