गोपीनाथदादांचा अतिवास्तववाद

आमचे शेजारी गोपीनाथदादा पाण्याच्या माठालाही डोळे काढतात. माठाला, दाराला, एकदा तर माझ्या सायकलच्या सीटला. तिच्यावर बसताना मला अजून अवघडल्यासारखं होतं.

पेणच्या एका गणपती कारखान्यात दादा आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखतात. हे काम सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मानाचं. गेल्या गणपतीत ते रोह्याला एका ड्रॉइंग मास्तरांकडे मूर्ती पोचवायला गेले आणि स्वतःच बिघडून परत आले. मास्तरांनी त्यांना परदेशी चित्रांचं पुस्तक दाखवलं, वर भिंतीवर चादर लावून एक सिनेमाही. त्यात जिन्यावरून मासा उतरत होता म्हणे, आणि घरातल्या कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

"झोपेत आपण विचारतो का, मासा जिन्यात कसा? तेच जागेपणी काढायचं," दादांनी मला समजावलं. "अतिवास्तववाद हाय तो."

मग वैशाखात त्यांच्या हातून एका मूर्तीचा डावा डोळा कानाकडे सरकला. दादांनी छातीठोकपणे सांगितलं, हा अतिवास्तववाद. कारखान्याचे शेठ म्हणाले, गिऱ्हाइकाला आरती करायची हाय, झोपायचं नाय. आठवडाभरात आणखी दोन बाप्पा अतिवास्तव निघाले, तेव्हा शेठनी दादांना आखणीवरून उठवून पितांबर रंगवायला बसवलं. मला शेठचा राग आला आणि दादांचा त्याहून जास्त. मोतीबिंदू झालाय हे अख्ख्या आळीला कळलं होतं. एकटे दादा त्याला कलाप्रकार म्हणत होते.

शेवटी मीच त्यांना दमदाटी करून दवाखान्यात नेलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "आखणी गेली तर मी कोण रे?"

ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा समोर शेवंतावहिनी डबा घेऊन उभ्या होत्या. दादा बघतच राहिले.

"तुझे डोळे घारे हायत गो," ते म्हणाले.

"लग्नाला तीस वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या आणि डबा उघडायला लागल्या.

श्रावणात शेठनी परीक्षा म्हणून एक मूर्ती दिली. दादांनी श्वास रोखून डोळे रेखले. रेघ कुठे केसभरही हलली नव्हती, पण बुबुळं घारी होती. शेठनी कपाळाला हात लावला. हासुद्धा अतिवास्तववाद का, असं त्यांनी विचारलं.

"नाय," दादा खाली मान घालून म्हणाले. "हे खरं हाय."

शेठनी पुढची मूर्ती त्यांच्यासमोर सरकवली. घाऱ्या डोळ्यांची मात्र त्यांनी विकली नाही, दादांच्याच घरी पाठवून दिली.