डाव्या सीटखालचा पत्रा

मारोतराव ड्रायव्हरांना कुणीही काहीही सांगायला गेलं, की ते आधी विचारतात, "सरकारी का खाजगी?" लग्नाचं आमंत्रण असो, विहिरीवरची मोटर जळल्याची बातमी असो, प्रश्न ठरलेला. एकदा शेजारच्या गोठ्यात साप निघाला म्हणून लोक ओरडत आले, तेव्हाही त्यांच्या तोंडून हेच निघालं. साप खाजगी आहे असं कळल्यावर मग काठी घेऊन धावले.

हा प्रश्न त्यांना नोकरीने दिला. सिद्धेश्वर धरणावर खात्याची जीप त्यांनी अठ्ठावीस वर्षं चालवली आणि तेवढ्या काळात एकही खाजगी माणूस तिच्यात बसू दिला नाही. साहेबांच्या बायकोला औंढ्याच्या बाजाराला जायचं होतं, तर म्हणाले, "बाईसाहेब, यष्टी साडेनऊला हाय." एका सरपंचाने न विचारता मागे वांग्यांचं पोतं टाकलं. ते त्यांनी कालव्याच्या पुलावर उतरवलं, पोत्याला नमस्कार केला आणि निघून गेले.

मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला. वडिलांच्या ट्रंकेत त्यांचे गठ्ठे होते, बाराखडीसुद्धा मी त्यांवरच गिरवली. तेविसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं काढत होतो आणि गावात असा एकच सरकारी माणूस होता, ज्याच्याविरुद्ध मला काही लिहिता येईना. म्हणून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो.

दोन हजार सालानंतर कधीतरी ते निवृत्त झाले. पाठोपाठ जीपही मोडीत निघाली. लिलावात मारोतरावांनी ती घेतली आणि बैलजोडी जुंपून ओढत घरी आणली. इंजिन त्यांच्या ओळखीचं. महिन्याभरात ते खोकत का होईना, सुरू झालं. अडचण पत्र्याची होती. डाव्या सीटखालचा पत्रा पार कुजला होता. तिथे बसलं, की पाय थेट अंगणात.

वारंगा फाट्याचा गफूर वेल्डर येऊन बघून गेला. ट्रकवाले त्याच्यासाठी वाट वाकडी करून येत, असा त्याचा हात.

"चाचा, आधे दिन का काम है."

"बाकी समदं तू कर. डावीकडचा पत्रा मी करनार."

"आपको आता है?"

"शिकतो."

"चाचा, ये पेन्शन नै है, बैठे बैठे मिलने को!"

माझं डोकं तापलं, पण ते मारोतरावांवर. "काका, गफूरभाईचं पोट वेल्डिंगच्या रॉडवर आहे. घरबसल्या पेन्शन मिळणाऱ्या माणसाने कारागिराचं काम हिसकावायचं, हा अन्याय आहे!"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे बोलनं सरकारी का खाजगी?"

वसमतला एक वर्कशॉप बंद पडलं होतं, तिथून जुनं वेल्डिंग मशीन आलं. ते चालू झालं, की आमच्या गल्लीतले बल्ब मान टाकत. बाया चुलीपुढून म्हणत, "ड्रायव्हर शिकून राहिले." पीठगिरणीवाल्याने तर वेळच बदलून घेतली. रॉड पत्र्याला असा चिकटे, की हट्टी बकरीला ओढावं तसं मारोतरावांना दोन्ही हातांनी ओढावं लागे. पत्रा पातळ. त्यामुळे सांधा कमी आणि भोकं जास्त.

त्यात त्यांना वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे धरायच्या काळ्या काचेचा राग. "ड्रायव्हरनं काळ्या काचंतून बघायचं व्हय? रस्ता दिसला पायजे." एक दिवस काच बाजूला ठेवून त्यांनी चांगला तासभर रस्ता बघितला. संध्याकाळी डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखं झालं. मग दोन दिवस डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून ओट्यावर पडून होते. पावलं वाजली, की विचारायचे, "कोन हाय? सरकारी का खाजगी?"

ते काप पाडायचं काम शेवंताकाकूंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "काकू, तुम्ही तरी सांगा. काहून एवढा हट्ट करून राहिले?"

काकूंनी बाहेर ओट्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"लई वर्सं झाली. मी माहेराहून येत व्हते. डोक्यावर डाळीचं गाठोडं, वरून ऊन. कालव्याच्या वळनावर मागून जीप आली. रिकामी व्हती. ह्यांनी हॉर्न वाजवला, मी बाजूला झाले. गेले निघून."

"काही बोलले नाहीत?"

"सरकारी व्हती ना गाडी." त्यांनी आणखी एक काप पाडला. "तत्त्व ह्यांचं व्हतं, बाबा. पाय माझे व्हते."

मी पुढचा बटाटा त्यांच्या हातात दिला.

"घरी आल्यावर पाय धुवायला पानी मात्र ह्यांनीच दिलं. तवापासून दोघांनीबी त्याचं नाव काढलं न्हाई."

डावी सीट कुणाची, तिथे कुणाचे पाय येणार, हे मला तेव्हा कळलं. वांग्यांच्या पोत्याची गोष्ट मी गावभर सांगितली होती. पायी कोण आलं, हे कधी विचारलं नव्हतं.

डोळे बरे झाल्यावर मारोतराव काच लावून बसले. गफूर आधी हसायला यायचा, मग शिकवायला यायला लागला. "हात मत दबाओ चाचा. पेन्सिल पकडे जैसा." पत्रा बसला, की तो म्हणे, "खडे हो जाओ उसपे." मारोतराव उभे राहत आणि गुडघ्यापर्यंत खाली जात. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ते उभे राहिले. मग गफूर चढला, मग मी. तिघांनी उड्या मारल्या. पत्रा हलला नाही.

सांधा मात्र पोट बिघडलेल्या सुरवंटासारखा दिसत होता. गफूरने तो साफ करायला घासायचं मशीन उचललं, तर मारोतरावांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. दिसू दे."

उरलेली अख्खी जीप गफूरने केली आणि झकास केली.

जीप रस्त्यावर काढायच्या पहिल्या दिवशी सकाळी मारोतराव इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, तर काकू घरात नाहीत. शेजारीण म्हणाली, "त्या तर मघाच कालव्याकडं गेल्या की, पायीच." मारोतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी जीप काढली. मी मागे बसलो.

वळणावर काकू उभ्या होत्या. डोक्यावर गाठोडं. मारोतरावांचा हात सवयीने हॉर्नकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी ब्रेक मारला. धुरळा खाली बसला.

मग काकूंनी विचारलं, "गाडी सरकारी हाय का खाजगी?"

जन्मभर हा प्रश्न विचारलेला माणूस खाली उतरला. त्यांनी गाठोडं उतरवून माझ्याकडे दिलं. खिशातून दस्ती काढून डाव्या सीटखालचा पत्रा पुसला.

"बस," म्हणाले.

काकूंनी मडकं वाजवून बघावं तशी दोनदा पत्र्यावर टाच आपटली. मग बसल्या.

परत येताना शेळ्यांचा एक कळप मागून आला आणि आम्हाला ओलांडून पुढे गेला. कळपवाला ओरडला, "ड्रायव्हर, बंद पडली काय?"

"न्हाई," मारोतराव म्हणाले. "चालून राहिली."

गावापर्यंत त्यांनी दुसरा गिअर टाकला नाही.