निकमअण्णांच्या सात अटी

निकमअण्णांकडे खेळायला बसलं की फाशाच्या आधी हातात कागद यायचा. तो मोठ्यानं वाचल्याशिवाय पटाला हात लावायची सोय नव्हती. "पाठीमागचं वाचा आदी," अण्णा म्हणायचे.

सांगलीत ते आमचे शेजारी, मूळचे साताऱ्याकडच्या एका खेड्यातले. भूमापन कार्यालयात जन्मभर नकाशे काढले. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी 'सुगी' नावाचा खेळ काढला. पेरणीपासून निघायचं, खळ्यावर पोचायचं. विहिरीला पाणी लागलं, चार घरं पुढे. बैल लंगडला, दोन घरं मागे.

खेळ त्यांनी विकला नाही. झेरॉक्स काढून वाटत सुटले. मागे सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'कुणीही उतरवून घ्यावा, घरं वाढवावीत, नाव बदलावं. मला विचारू नये.' आणि त्याखाली सात अटी. पैज लावू नये, हरलेल्याला आधी चहा द्यावा, असं करत करत सातवी: कुणालाही कमी लेखू नये.

"अण्णा, फुकट दिलंय ना? मग अटी कशाला?"

"लेक दिली म्हंजी तिची चौकशी करायची न्हाई व्हय?"

एकदा माझ्या मेहुण्यानं कवठे महांकाळच्या एका किराणा दुकानदाराकडून सुगीची प्रत आणली. दुकानदारानं घरं वाढवली होती. एका घरात लिहिलं होतं, 'मुलगी झाली, तीन घरं मागे.' अण्णांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन एसटीत बसले.

दुकानदार भला माणूस. त्यानं आम्हाला आत नेऊन बसवलं. अण्णांनी त्याच्यापुढे कागद ठेवला.

"आवं, घरं वाढवा आसं तुमीच लिवलंय की," तो म्हणाला.

"व्हय. आन सातवी अट?"

"कमी कुनाला लेखलं? जन्मलेल्या पोरीला काय वाचता येतंय?"

अण्णांनी कागद उलटून साती अटी पुन्हा चाळल्या. कोपऱ्यात दुकानदाराची बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला येतंय की वाचायला. तीन पोरी हायत्या मला."

दुकानदारानं खिशातलं पेन काढून पटासकट तिच्यापुढे धरलं. तिनं हात पदराला पुसले, 'तीन घरं मागे' खोडलं आणि सावकाश लिहिलं: 'परत फासा टाका.'

अण्णांनी लगेच ते वहीत उतरवून घेतलं. "माजी अट कच्ची व्हती," ते दुकानदाराला म्हणाले. "ताईंनी पक्की केली."

मग आम्ही चौघांनी दोन डाव मांडले. मी चहा दोनदा प्यालो, कारण दोन्ही डाव मीच हरलो.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "एका घरासाठी एवढी धावपळ?"

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चार बहिणींच्या पाठचा मी. चौथीचं नाव नकुसा ठेवलं. आता पोरगी नको म्हनून. तिनंच मला कडेवर वाढवला."

"आता कुठे असतात?"

"खंडाळ्याकडं दिलीय. म्हैन्याला पत्र घालतो. पाकिटावर 'सुगंधा' लिवतो. पयली दोन पत्रं माघारी आली." ते थोडं हसले. "आता पोस्टमनला म्हाईत झालंय, सुगंधा म्हंजी कोन."