दहा बाय बारातले कर्णे

हेडक्लार्कांच्या बायकोने फक्त एवढंच म्हटलं होतं, की टीव्हीतली माणसं हल्ली फार पुटपुटतात.

एखाद्या शहाण्या नवऱ्याने आवाजाचं बटण थोडं दाबलं असतं आणि विषय संपवला असता. पण हेडक्लार्क नुकतेच निवृत्त झाले होते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. हेडक्लार्कांनी पुढे भिंतीतली अख्खी खिडकीच उपटली, पण ते यथावकाश येईलच.

त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. ऑफिसात हेडक्लार्क, गल्लीत हेडक्लार्क. बायकोसुद्धा चारचौघांत 'आमचे हेडक्लार्क' म्हणायची आणि घरात नुसतं 'अहो'. नोकरीभर त्यांना संध्याकाळ अशी कधी मिळालीच नव्हती. लग्न झाल्यापासून दोघांनी शेजारी बसून पाहिलेला एक अख्खा सिनेमा दाखवा म्हटलं तर दाखवता आला नसता. एक तर सुरुवात चुकलेली असे, नाही तर मध्यंतरात ऑफिसचा शिपाई दाराशी उभा. मग उरलेला सिनेमा बायको रिकाम्या खुर्चीशेजारी बसून बघे आणि घरी आल्यावर सांगे, "चांगला होता. खुर्ची गुणी होती. मध्ये मध्ये बोलली नाही."

हे वाक्य हेडक्लार्क विसरले नव्हते. निरोपसमारंभात लोक त्यांच्या कार्यक्षमतेबद्दल खोटं बोलत असताना त्यांनी मनाशी एकच ठराव मंजूर केला होता: एक सिनेमा, पाट्यांपासून 'समाप्त'पर्यंत, हिच्या शेजारी बसून. एवढं झालं की जन्माचं सार्थक. आणि आता ही म्हणते की माणसं पुटपुटतात!

त्यांनी ही अडचण कानसेनांच्या कानावर घातली, आणि तिथेच घात झाला. कानसेन म्हणजे ऑफिसातल्या टपाल विभागातले जुने सोबती. आपल्याला गाता येत नसलं तरी ऐकता येतं, असा त्यांचा दावा होता, म्हणून हे नाव.

"हल्लीचे स्पीकर म्हणजे काय हो?" कानसेन म्हणाले. "काडेपेटीत माशी कोंडलेली. आवाज ऐकावा तर कर्ण्याचा. जुना, लाकडी, थिएटरातला. त्यातून हिरो नुसता सुस्कारला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला कळायचं की याचं बिनसलंय."

"पण तो मोठा असेल."

"मोठा म्हणजे... कपाटाएवढा."

(ऑफिसातलं कपाट की घरातलं, हे हेडक्लार्कांनी विचारलं नाही. जन्मभर लोकांच्या अर्जांवर 'अधिक खुलासा करावा' असा शेरा मारणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीत एका शब्दाचा खुलासा मागितला नाही. याला म्हणतात निवृत्ती.)

बाजारपेठेतलं जुनं थिएटर पाडायला काढलं होतं. कानसेन त्यांना तिथे घेऊन गेले. फाटलेल्या अवाढव्य पडद्यामागे दोन कर्णे उभे होते. थिएटर एवढं मोठं की त्यात ते अगदीच बापुडवाणे दिसत होते, जत्रेत चुकलेल्या पोरांसारखे. हेडक्लार्कांना त्यांची दयाच आली. त्यांनी टेप काढली आणि उंची मोजली, रुंदी मोजली. मागच्या बाजूला किती लांब जातात ते मोजायचं राहिलं, कारण मागे अंधार होता, जाळी होती, आणि ऑफिसात फायलींची कपाटं मागवताना उंची-रुंदीवरच काम भागत असे. कपाटाची पाठ कधी कुणी पाहिली आहे?

कर्णे घरी आले तेव्हा ती पाठ साऱ्या गल्लीने पाहिली. पुढून चौकोनी जबडा आणि मागे लाकडाची ही भलीमोठी शेपूट.

"अहो, हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"स्पीकर."

"यात कोणी राहायला येणार आहे का?"

कर्णे जिन्यात मावेनात. जिन्यातून चढले असते तरी दारातून गेले नसते, असं हमालांच्या मुकादमाने वर सांगितलं, म्हणजे दुःख वाटून घेतल्यासारखं. शेवटी रस्त्याकडच्या खिडकीचे गज कापले, चौकट काढली, आणि दोर लावून कर्णे पहिल्या मजल्यावर चढवले. गल्लीतल्या रिकामटेकड्यांनी 'अजून थोडं डावीकडे' असा फुकटचा सल्ला दिला. खिडकीच्या जागी मोठं भगदाड उरलं. मुकादमाच्या मते त्यामुळे हवा छान खेळणार होती.

बैठकीची खोली दहा बाय बारा. आतल्या भिंतीवर पांढरा पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना कर्णे, जबडे खिडकीकडे. दुसऱ्या कुठल्याही दिशेला तोंड केलं की घराचं दार उघडत नव्हतं. टेबल बोळात गेलं, पुस्तकांचं कपाट झोपायच्या खोलीत गेलं, आणि बायकोचं शिवणयंत्र ओट्याखाली गेलं. सोफा तेवढा राहिला, तोही खिडकीला पाठ टेकून. सोफ्यावर बसलं की गुडघे कर्ण्याच्या तोंडात.

"दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतंय," बायको म्हणाली. "फक्त इथे तोंड त्याने उघडलंय."

पण ती बसली. हेडक्लार्कही बसले. कानसेनांनी पडद्यासमोर प्रोजेक्टर मांडला आणि कुठूनसा पैदा केलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर जोडला. "याला चमचाभर वीज पुरे," असं म्हणून त्यांनी बटण फिरवलं.

सिनेमात कुणीतरी बशीत कप ठेवला. हेडक्लार्कांना वाटलं, शेजारची इमारत पडली.

पुढचा प्रकार शब्दांत सांगणं अवघड. हिरो डाव्या कर्ण्यातून बोलत होता, हिरॉईन उजव्यातून, आणि दोघांचं प्रेम जमत होतं ते हेडक्लार्कांच्या मेंदूत. स्वयंपाकघरातली भांडी साथ देत होती. शब्द म्हणाल तर एक कळत नव्हता.

"काय म्हणाला तो?" बायको ओरडली.

"काय म्हणालीस?" हेडक्लार्क ओरडले.

"तो काय म्हणाला?"

"कोण?"

पहिलं गाणं यायच्या आत बायको कानांवर उशी दाबून उठली. सिनेमा बंद करावा लागला. सोफ्यावर उरले हेडक्लार्क, आणि शेजारी तिच्या जाण्याने पडलेला खड्डा.

"पुटपुटत तर नाहीत ना आता?" त्यांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"नाही," ती आतून म्हणाली. "आता खेकसतात. पुटपुटायचे तेव्हा निदान थोडं कळायचं."

कानसेनांनी सोफ्यावर बसून, उभं राहून, मान वाकडी करून ऐकलं आणि निदान केलं. "तुम्ही फार जवळ बसता. कर्ण्याचा आवाज फुलायला अंतर लागतं."

"मग सोफा मागे घेऊ?"

कानसेनांनी मागे पाहिलं. मागे भगदाड होतं आणि भगदाडामागे गल्ली. "गल्ली आडवी येते," ते म्हणाले, जणू ती कुणीतरी मुद्दाम आणून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात समोरच्या घरातले गृहस्थ उभे. या समोरच्यांशी त्यांचं बोलणं बंद होतं. समोरच्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी खाली हेडक्लार्कांच्या सायकलवर पडतं, अशी तक्रार त्यांनी एकदा केली होती. समोरासमोर नाही, लेखी. (समोर राहणाऱ्या माणसाला पोस्टाने तक्रार पाठवणारा माणूस गल्लीत तरी दुसरा नव्हता.)

"काल संध्याकाळी तुमच्याकडे..." समोरचे म्हणाले.

"चूक झाली," हेडक्लार्क घाईघाईने म्हणाले. "आवाज जरा हाताबाहेर गेला. पुन्हा होणार नाही."

"होणार नाही? अहो, मग पुढचं कळणार कसं?"

"कसलं पुढचं?"

"तो म्हातारा दार उघडतो, आणि तुम्ही बंद केलंत! बाहेर कोण होतं? बायकोने कालपासून माझं डोकं खाल्लंय."

हेडक्लार्कांनी दाराची कडी धरली. "तुम्हाला... ऐकू आलं?"

"ऐकू? शब्द न् शब्द! आमची गॅलरी म्हणजे थिएटर झालं होतं अगदी. पडदाही दिसतो. तुमची डोकी तेवढी मध्ये येतात." मग समोरच्यांना आपण बोलत नसल्याची आठवण झाली असावी. ते थोडे आखडले. "ती जरा खाली घेता आली तर पाहा."

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "शब्द कळतात तिथे?"

"या की वहिनी आज. स्वतःच ऐका."

वहिनी गेल्या. एकदा पडताळून पाहायला हरकत नाही, असं हेडक्लार्कांनीच म्हटलं. सिनेमा संपल्यावर बायको परतली ती चेहरा उजळून. "अहो, काय सुंदर! अगदी जवळ येऊन बोलतात हो. तो म्हातारा शेवटी हळूच 'ये' म्हणतो ना, ते 'ये'सुद्धा कळलं. तुम्ही ऐकलंत?"

हेडक्लार्कांनी तेव्हा कानांत कापूस घातलेला होता. पण त्यांचं मन भरून आलं. कर्णे फुकट गेले नव्हते. "उद्या मी पण येतो तुझ्याबरोबर," ते म्हणाले. "दोघं शेजारी बसू."

"या ना! पण मग मशीन कोण बघणार?"

हा प्रश्न रास्त होता. तो अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे म्हातारा सासरा. एकट्याला सोडला की तापायचा. तापला की घोरायला लागायचा, आणि मग त्याला पुठ्ठ्याने वारा घालावा लागे. शिवाय प्रोजेक्टरचा दिवा गरम झाला की पडद्यावरचं चित्र आपोआप विझे, तेव्हा कुणीतरी तिथे हवंच. हेडक्लार्कांनी कानसेनांना गळ घातली. एकच संध्याकाळ सांभाळा, एवढंच.

"अवश्य!" कानसेन म्हणाले. "आधी पलीकडून आवाज तपासून येतो, म्हणजे इथे किती ठेवायचा ते ठरवता येईल."

ते गेले ते गेलेच. हेडक्लार्कांनी सोफ्याच्या पाठीवरून डोकं वर काढून पाहिलं तेव्हा कानसेन समोरच्या गॅलरीत चांगल्या खुर्चीत मांडी घालून बसले होते. हातात चहाचा कप होता आणि ते समोरच्यांना आवाजाचं शास्त्र समजावत होते. शेजारी बायको, तिच्या शेजारी समोरच्या वहिनी.

"डोकं!" समोरचे ओरडले.

हेडक्लार्कांनी डोकं खाली घेतलं.

असे दिवस जाऊ लागले. संध्याकाळ झाली की बायको पर्स घेऊन निघे आणि दारात सांगे, "मी जाते सिनेमाला." घरातला सिनेमा बघायला घराबाहेर जाणारी ती बहुधा पहिलीच बाई. हेडक्लार्क जमिनीवर, जबड्यांच्या मध्ये बसून पुठ्ठा हलवत. ऑफिसात निदान पंखा तरी होता.

"ही चूक घर बांधणाऱ्याची," कानसेन एकदा सांत्वन करायला आले तेव्हा म्हणाले. "तुमचं थिएटर पलीकडे आहे. ही खोली म्हणजे ऑपरेटरची केबिन. आणि केबिन म्हणून पाहिलं तर ऐसपैस आहे हो!"

शेवटी हेडक्लार्कांनी निकराचा प्रयत्न करायचं ठरवलं. अ‍ॅम्प्लिफायरला दुपारभर वारा घालून थंडगार केला, सिनेमा लावला, आणि पायांत चपला न घालता जिना उतरले. गल्ली ओलांडली, समोरचा जिना चढले आणि धापा टाकत गॅलरीत येऊन उभे राहिले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"आलात?" ती म्हणाली. "बसा."

ते बसले. त्यांनी कानांतला कापूस काढून खिशात ठेवला. आणि खरंच, पलीकडच्या भगदाडातून येणारा आवाज गल्लीवरून तरंगत आला आणि अलगद कानापाशी टेकला. पडद्यावरची बाई काहीतरी हळू बोलली. हेडक्लार्कांना तो शब्द कळला. बायकोला तो कळल्याचंही त्यांना कळलं, कारण दोघांनी एकदमच मान हलवली. इतक्या वर्षांच्या फायली, ते साहेब, तो शिपाई, सगळं एका क्षणात माफ झालं. त्यांनी कानांतला कापूस काढून खिशात ठेवला.

तेवढ्यात पलीकडे घरघर सुरू झाली आणि पडदा काळा पडला.

गॅलरीतल्या सगळ्यांनी एकदम हेडक्लार्कांकडे पाहिलं. थिएटरात पडदा काळा झाला की लोक जसे मागे वळून ऑपरेटरच्या खिडकीकडे बघतात, अगदी तसं.

"अहो, बघता काय? जा ना," बायको म्हणाली. "आता तर रंगात आला होता."

"पळा, पळा," कानसेन म्हणाले. "जास्त तापू देऊ नका."

हेडक्लार्क पळाले. जबड्यांच्या मध्ये मांडी घालून वारा घालता घालता त्यांचे डोळे भरून आले. (तापलेल्या मशीनच्या धुरामुळे, असं ते नंतर सांगत.) पण सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि त्यांनी मनाची समजूत घातली. शेजारी नसलो तरी काय झालं? तिला जे ऐकू येतंय ते आपण पाठवतोय. शब्द न् शब्द. हेही एक प्रकारचं शेजारी बसणंच की.

मोबाईल वाजला. बायकोचा फोन.

"अहो, आवाज जरा कमी करा बरं."

हेडक्लार्कांना बरं वाटलं. तिला आता आवाजातलं कळायला लागलं होतं. "कुठे टोचतोय? वरच्या सुरात?"

"तसं नाही हो. वहिनी त्यांच्या धाकट्या जावेचं सांगतायत, ते ऐकू येत नाहीये."

त्यांनी आवाज कमी केला. थोड्या वेळाने पुन्हा फोन. "अजून थोडा." त्यांनी अजून कमी केला. पुन्हा फोन. या खेपेला त्यांनी बटण तळाशी नेऊन बंदच करून टाकलं. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवू लागली. घरात अशी शांतता पसरली, की गल्लीपलीकडच्या धाकट्या जावेचे गुण त्यांनाही थोडेफार ऐकू येऊ लागले.

फोन वाजला.

"हां, आता कसं छान!" बायको म्हणाली. "अगदी बरोबर लागलाय. रोज असाच ठेवत जा."

आणि तिच्या मागून कानसेनांचा तृप्त आवाज आला, "सांगत होतो ना वहिनी, कर्ण्याची गोष्टच वेगळी!"