परबकाका आणि मागची डावी सीट

आमच्या सोसायटीत नवी गाडी आली की आधी हार, मग नारळ, मग चाकाखाली लिंबू आणि त्यानंतर परबकाका. हा क्रम कोणी ठरवला ते कुणालाच ठाऊक नाही, पण तो आजवर मोडलेला नाही. लिंबू फुटलं की मालक स्वतः मागचं डावं दार उघडून धरतो. काका चपला बाहेर काढतात, आत बसतात, दार लावून घेतात, काचा वर करायला सांगतात आणि डोळे मिटतात. मग बोटाने खूण करतात. मालकाने गाडी गेटपर्यंत न्यायची आणि परत आणायची. बाहेर आम्ही सगळे हातात पेढा धरून उभे. पेढा खायचा की थांबायचं, हेही नीट कळत नाही. गाडी थांबते, काका उतरतात, चपलांत पाय सरकवतात आणि सांगतात, "सातवी."

बस. सातवी कशात, कुणाच्या मागे, कशामुळे, याचा पत्ता नाही. मालक मात्र सातवी म्हटल्यावर पहिल्या दहात आलो म्हणून खूश.

मी हिशेबी माणूस आहे. साधा मिक्सर घेताना मी चार ठिकाणी चौकशी करतो. त्यामुळे या नंबरांमागे काहीतरी गणित असणारच, असं मी धरून चाललो होतो आणि तिथेच फसलो. तिसऱ्या मजल्यावरच्या ठक्करांनी जर्मन गाडी आणली. आत बसलं की मसाज होतो, छत उघडतं, रात्री पायाखाली निळे दिवे लागतात. ठक्कर अक्षरशः हात बांधून उभे होते. काका उतरले तेच कपाळ पुसत. "तेविसावी," म्हणाले. आणि पहिला नंबर कुणाचा? भाजीवाल्याच्या ओम्नीचा. मागच्या सीटवर कोथिंबिरीच्या जुड्या असतात, सरकतं दार दोरीने बांधलेलं असतं, ती ओम्नी.

नॅनो पाचवी. आल्टो चौथी. इनोव्हा एकदा सहावी आली आणि पुढच्या आठवड्यात, मालकाने डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या वासाची बाटली ठेवल्यावर, थेट सतराव्या नंबरवर घसरली. सेक्रेटरींचे वडील गेले तेव्हा तर काकांनी कमाल केली. खांदेकरी जमले होते, बायका रडत होत्या, आणि काका शववाहिनीत डोकं घालून उभे. मला वाटलं, म्हाताऱ्याचं शेवटचं दर्शन घेताहेत. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "नित्या, दुसरी. हवा बरी खेळता हो आत."

बॅटरीवर चालणारी गाडी आली तेव्हा मला वाटलं होतं, आता ओम्नीचं राज्य संपलं. धूर नाही, वास नाही. पण काका एका चकरेत पांढरे पडून उतरले. "विसावी. सुटता कधी आणि थांबता कधी, काय कळतच नाय. गाडी कशी, पोटात उतराक होयी."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गाडी म्हणे पोटात उतरायला हवी. लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. एकाला वाटलं मायलेज, दुसऱ्याला वाटलं सस्पेन्शन. कहर म्हणजे लोक त्यावर गाड्या घेऊ लागले. शोरूममध्ये पसंत केलेली गाडी आधी टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली काकांकडे यायची आणि चौदावी-पंधरावी ठरली की परत जायची. आज आमच्या पार्किंगमध्ये ओळीने वॅगनआर उभ्या आहेत, त्या काकांच्या कृपेने.

आता हे परबकाका कोण, तर मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले. मूळचे मालवणकडचे. त्यांनी जन्मात गाडी घेतली नाही, चालवली नाही. बॉनेट उघडं असलं तर त्या बाजूला फिरकतही नाहीत. कारखान्याची बस दारावरून जायची, पण हे कायम चालत गेले. बढती देऊन वसईच्या कारखान्यात पाठवत होते, ती यांनी नाकारली. आम्ही समजायचो, गडी तब्येतीला जपतो.

आणि काकू? काकूंना गाडी लागते. हे तर आख्ख्या सोसायटीला माहीत, कारण काकू स्वतःच सांगतात. बोरिवलीला लग्न आहे, मिनीबस ठरली आहे, की काकू आधीच हात वर करणार. "मला बाई गाडी लागते. तुम्ही व्हा पुढे, आम्ही मेट्रोने येतो." त्यांच्या पर्समध्ये लिंबू, आलेपाक, ओव्याची पुडी आणि घडी केलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या कायम तयार. एरवी बाई ठणठणीत. चार जिने चढून आल्या तरी बोलणं थांबत नाही.

एके दिवशी माझी ट्यूब पेटली. काका हे नंबर काकूंसाठी लावतात! वास, हवा, हेलकावे, सगळं जुळलं. मी खूश होऊन काकांना गाठलं.

"काका, कळलं मला गणित. काकूंना न लागणारी गाडी शोधताय ना?"

काका दचकले. "कोण म्हणाला?"

"कोण कशाला म्हणायला हवं? पण मग काकूंनाच का नाही बसवत? लागते त्यांना आणि बसता तुम्ही. तुम्हाला कसं कळणार?"

काका म्हणाले, "तुका काय कळता?" आणि निघून गेले. मी पुन्हा होतो तिथेच.

मग आमचीच गाडी आली. घेण्यापूर्वी मी इतका अभ्यास केला की बायको म्हणाली, आता गाडी नको, तुझं बोलणं थांबव. हार, नारळ, लिंबू झालं. काका आत बसले. गेटपर्यंत एक चक्कर झाली, तर त्यांनी दुसरीची खूण केली. मग तिसरीची. असं कधीच झालं नव्हतं. लोकांनी पेढे खाऊन टाकले. काका उतरले, नंबर सांगायचं सोडून मला बाजूला घेऊन गेले.

"नित्या, ही साताऱ्याच्या पुढे जायत? घाट असा. सावकाश चलवशीत?"

काकूंचं माहेर तिकडे. रेल्वे साताऱ्यापर्यंत, पुढे सगळा वळणांचा घाट. थोरल्या भावाने, दादांनी, अंथरूण धरलं होतं. व्हिडिओ कॉलवर काकूंनी बघितलं तर दादांनी तोंड फिरवलं होतं. कारण जुनं होतं. आई गेली तेव्हा काकू वेळेवर पोचल्या नव्हत्या. घाटात त्रास झाला म्हणून एसटीतून मधेच उतरावं लागलं, आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माहेरी तेव्हापासून एकच बोलणं, सुमी मुंबईची झाली, गाडी लागण्याचं निमित्त सांगते. त्यानंतर काकू गेल्याच नाहीत. आता दादा आणि त्या, दोघांपैकी कुणाच्या हातात किती दिवस आहेत, कोण सांगणार? काका हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

रविवारी पहाटे निघालो. काका मागे डावीकडे, डोळे मिटून. काकू त्यांच्या शेजारी. पुण्यापर्यंत काकूंनी मला रस्त्यावरच्या प्रत्येक बोर्डाबद्दल विचारलं. साताऱ्याला थांबलो तर त्यांनी मिसळ मागवली. तर्री वरून घेतली. वर एक पाव जास्तीचा. काकांनी पाणीसुद्धा घोटभरच घेतलं. मी टेबलाशी बसून विचार करत होतो की आता ही मिसळ माझ्या नव्या सीटकव्हरवर कुठल्या वळणावर येणार. पण काकू जिरे गोळी तोंडात टाकून म्हणाल्या, "चल रे, उशीर होतोय."

घाट लागला. दोन वळणं झाली, तिसरं झालं आणि मागून काकू ओरडल्या, "नितीन, थांबव रे, थांबव! मला मळमळतंय!"

मी करकचून ब्रेक दाबला. मागचं डावं दार माझ्याही आधी उघडलं आणि काका बाहेर. कठड्याला धरून वाकलेले. काकू मागोमाग. एका हाताने त्यांची पाठ चोळताहेत, दुसऱ्या हाताने लिंबू त्यांच्या नाकाशी. आणि तोंडाने मला सांगताहेत, "माझ्यामुळे तुला बाबा किती त्रास! आता बरं वाटतंय हो मला. थोडी हवा खाते."

मी पाण्याची बाटली घेऊन उभा. कुणाला द्यायची तेच कळेना. त्रास काकूंना, उलटी काकांना, आणि मला घाम.

काका दगडावर जाऊन बसले तेव्हा काकू माझ्याजवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुठे बोलू नकोस हं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलो, तेव्हा जीपमध्ये असंच झालं. माझे तीन भाऊ, सगळे पैलवानकी करणारे. नव्या जावयाला हसले असते. मी पटकन म्हटलं, मला मळमळतंय. तेच चालत आलं."

"म्हणजे तुम्हाला कधीच..."

"मला काय होतंय? मी बैलगाडीत झोपणारी बाई."

"आणि ते नंबर?"

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. "दोन वर्षांपूर्वी दादा पहिल्यांदा आजारी पडला, तेव्हापासून हे खूळ घेतलंय डोक्यात. म्हणे, पोचेपर्यंत मी तग धरीन अशी एक गाडी मिळू दे, तुला माहेरी नेतो. मी एकटी जाईन म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, तुला बोल लागले ते माझ्यामुळे, एकटी कशी पाठवू. गाडी बघून झाली की वर घरी येऊन गपचूप पडून राहायचे. त्या जर्मन गाडीनंतर तर दोन दिवस जेवले नाहीत."

आम्ही पेढे हातात घेऊन बाहेर उभे राहायचो आणि हा माणूस काचा वर करून स्वतःचा जीव कासावीस करून बघत होता, प्रत्येक गाडीत, कधीतरी बायकोला माहेरी नेता येईल म्हणून.

उरलेला घाट आम्ही थांबत थांबत चढलो. दर थांब्याला काकू आधी ओरडायच्या आणि मग काका उतरायचे. मीही आता "काकू, बरं वाटतंय ना?" असं विचारायला लागलो.

दुपारी पोचलो. दादा ओसरीवर खाटेवर पडलेले. हाडाचा सांगाडा, पण आवाज खणखणीत. काकू पाया पडल्या. दादांनी आशीर्वाद दिला आणि नजर भिंतीकडे वळवली. वहिनींनी चहा आणला.

मग दादाच म्हणाले, "आई शेवटपतूर तुझंच नाव घेत हुती. दाराकडं बघत गेली. पर तुला गाडी लागती न्हवं."

काकूंची मान खाली. "हो रे दादा. काय करू? पहिल्यापासून लागते."

काकांनी चहाची कपबशी खाली ठेवली. चेहरा अजून पांढराच होता.

"तिका नाय," ते म्हणाले. "माका लागता."

"अहो, काहीतरीच काय!" काकू एकदम उठल्या. "दादा, त्यांचं ऐकू नकोस, उन्हाचा त्रास झालाय त्यांना."

"तू गप रव." काका खाटेकडे सरकले. पाहुण्या जावयाच्या खुर्चीवरून उठून ते खाली सतरंजीवर बसले. "पैल्यापासून माका लागता, दादानू. आयेच्या येळाक माझ्यान एक वळण जावक नाय. मी रस्त्यार आडवो पडलंय. ती सांगत होती, मी पुढे जातंय, दुसऱ्या गाडयेन जातंय. मीच तिचो हात सोडूक नाय. भियालंय. ती माझ्यापाशी बसान रवली, म्हणान उशीर झालो. आणि तुम्ही सगळे तिका बोललास तरी मी गप बसलंय."

वहिनींच्या हातातला ट्रे तसाच. काकू भिंतीला टेकून उभ्या, पदर तोंडावर धरलेला, आणि चेहऱ्यावर राग होता. इतकी वर्षं जपलेलं काहीतरी नवऱ्याने परस्पर देऊन टाकल्याचा राग.

दादांनी कष्टाने पाय आखडून घेतले आणि खाटेवर जागा केली.

"सुमे," ते म्हणाले, "हितं ये. बस माझ्यापाशी."

काकू जाऊन बसल्या. दादांनी त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा त्यांना रडू आवरेना. त्या रडतच होत्या, आणि मधेच नाक पुसून काकांना म्हणाल्या, "तो चहा घ्या आधी. आलं घातलंय त्यात, बरं वाटेल."

काकांनी बशी तोंडाला लावली.