दाराची कुरकुर

परक्या देशात, परक्या घरात, परक्या खुर्चीवर बसून फोरमन एका दाराकडे बघत होते. दार साधंच होतं, लाकडी, रंगाचे थरावर थर चढलेलं. पण उघडलं की असं कुरकुरायचं की फोरमनचे दात आंबायचे. आल्यापासून त्यांनी कळ काढली होती. आता मात्र हात शिवशिवायला लागले होते.

हे हात फार बदनाम होते. कारखान्याच्या देखभाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून फोरमन साऱ्या नातेवाइकांची देखभाल करत सुटले होते. त्यांनी गीझर दुरुस्त केल्यापासून साडू गार पाण्याने अंघोळ करत होता आणि भाचीच्या मिक्सरने चटणी छताला लावली होती. दारं तेवढी त्यांच्या हाताखाली सुधारायची. स्वतःच्या घरातली दारं तर त्यांनी इतकी मऊ ठेवली होती, की ते चपला घालून कुणाचं काय उघडायला केव्हा निसटले, हे घरात कुणाला कळत नसे.

त्यांच्या पत्नी मुख्याध्यापिका होत्या, साऱ्या गावाच्या ‘बाई’. परदेशातल्या एका शिक्षक-प्रशिक्षणासाठी बाईंची निवड झाली आणि राहायची सोय तिथल्या एका कुटुंबात झाली. जोडीदार आणायला परवानगी होती. बाईंनी ती एका अटीवर वापरली.

“तिथे कशालाही हात लावायचा नाही. नळ गळला तर गळू द्या.”

“अगं, पण गळणारा नळ म्हणजे...”

“घर त्यांचं, नळ त्यांचा, गळतोही त्यांच्याच बादलीत.”

आणि निघायच्या आधी फोरमनच्या बॅगेतल्या मोज्यांतून बाईंनी पक्कड, पाना आणि ऑइलकॅन असा मुद्देमाल जप्त केला.

ज्यांच्याकडे उतरले होते त्या ताई शहरातली बस चालवत. घरात त्या आणि त्यांचे म्हातारे वडील. वडिलांना फोरमन ‘आजोबा’ म्हणत, आणि आजोबा फोरमनना रोज नव्याने नमस्कार करत. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती. ताई आपल्या फोनमध्ये बोलत, मग फोन तेच मराठीत सांगे, तेही बातम्या दिल्यासारख्या आवाजात. पहिल्याच दिवशी फोन म्हणाला होता, “माझे वडील विसरतात.” फोरमननी मान डोलावली. चष्मा कुठे ठेवला ते तेही विसरत.

दाराचं प्रकरण मात्र वेगळं होतं. खाली तळमजल्यावर एका शिवणवालीचं दुकान होतं. वरचं दार कुरकुरलं की ती गळ्यात टेप आणि ओठात टाचण्या घेऊन जिन्यात यायची आणि वर बघायची. फोरमन उतरत असले तर मान हलवून परत जायची. दिवसातून कितीदा तरी. फोरमनना तिची फार दया आली. बिचारीची शिवण त्या आवाजाने सारखी मोडते, आणि सभ्य बाई असल्यामुळे ती बोलत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. आता हे दुरुस्तीचं काम राहिलं नव्हतं, शेजारधर्माचं झालं होतं.

त्या सकाळी बाईंचा नमुना पाठ होता. देशोदेशीच्या शिक्षकांसमोर त्यांना अपूर्णांक शिकवायचे होते. त्या लवकर गेल्या. ताई ड्यूटीवर निघताना फोन म्हणाला, “वडील घरी आहेत. धन्यवाद.” हे धन्यवाद कशाबद्दल, असा प्रश्न फोरमनना पडला नाही. त्यांचं लक्ष बिजागरीकडे होतं.

ऑइलकॅन नव्हता, पण बाईंची खोबरेल तेलाची बाटली होती. थंडीने ते गोठून दगड झालं होतं. फोरमननी बाटली खोलीतल्या हीटरवर ठेवली. आजोबा खुर्चीत बसून हे सगळं मन लावून बघत होते. तेल वितळल्यावर ते स्वतःहून उठले आणि दार धरून उभे राहिले, कसलेल्या मदतनिसासारखे. फोरमननी वरच्या बिजागरीत तेल सोडलं, मग खालच्या. दार मागे-पुढे केलं. कुर्रर्र झालं, मग कुर्र झालं, मग काहीच झालं नाही. आजोबांनी फोरमनच्या पाठीवर थाप मारली.

फोरमनना धन्य वाटलं. ते हात धुवायला गेले. पण गार पाण्यात खोबरेल हातावरच थिजलं. साबण लावला तर साबणही थिजला. बराच वेळ चोळाचोळ करून ते बाहेर आले, तेव्हा खुर्ची रिकामी होती.

“आजोबा?”

दुसऱ्या खोलीत नव्हते. स्वयंपाकघरात नव्हते. दाराजवळच्या खुंटीवर फोरमनचा कोट नव्हता, कानटोपी नव्हती, खाली बूटही नव्हते. आजोबांचे लोकरीचे सपाते तेवढे नीट जोडून ठेवले होते. फोरमननी घाईघाईने तेच पायात सरकवले, बाईंची शाल ओढली आणि जिन्यात डोकावायला दोन पावलं पुढे गेले. मागे दार मिटलं. कुलूप आपोआप लागणारं होतं आणि दाराने लागताना हूं की चूं केलं नाही. किल्ली कोटात होती आणि फोनही कोटात होता.

ते खाली उतरले, तर बाहेर पांढरं धुकं, रस्त्यावर बर्फाची पापडी. एवढ्या थंडीत म्हातारा माणूस एकटा. आता फोरमनना ते ‘विसरतात’ वेगळंच ऐकू यायला लागलं. ते शिवणवालीच्या दुकानात शिरले.

“आजोबा गेले,” ते मराठीत म्हणाले, कारण दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं. मग पाठीत वाकून, हात थरथरवत चालून दाखवलं. शिवणवालीने त्यांना पकडून खुर्चीत बसवलं आणि कमरेमागे उशी दिली. फोरमन उठले, पुन्हा वाकले. तिने दुसरी उशी आणली. शेवटी फोरमननी पायातला सपाता काढून तिच्यासमोर धरला आणि वर बोट दाखवलं.

तिने सपाता ओळखला. ती वर धावली, जवळच्या किल्लीने दार उघडलं. आवाज आला नाही. तिने दार लावलं, परत उघडलं, परत लावलं. बिजागरीला बोट लावून वास घेतला. मग फोरमनच्या केसांचा घेतला. पुढे ती जे बोलली त्यासाठी फोनची गरज नव्हती. कारखान्यात पट्टा तुटल्यावर मोठे साहेब याच सुरात बोलत.

रस्त्यावर पाववाल्याने कानटोपीची खूण ओळखली आणि चढाकडे हात केला. दोघं चढ चढायला लागली, पुढे शिवणवाली, मागे शाल सावरत आणि सपाते घसरवत फोरमन. तेवढ्यात मागून बस आली. शिवणवालीने हात केला, दार उघडलं, आणि चालकाच्या जागेवर ताई होत्या.

ताईंनी आधी हसून मान लववली. मग त्यांची नजर खाली सपात्यांवर गेली आणि हसू तिथेच विरलं. शिवणवालीने दोन वाक्यांत काय ते सांगितलं. ताईंचे हात चाकावर घट्ट झाले. ताईंनी माइक उचलला आणि बसला काहीतरी सांगितलं. सगळे प्रवासी खिडक्यांना चिकटले. डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे, आणि मधल्या दांड्याला धरून फोरमन दोन्हीकडे.

कोटात फोन आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं. बाईंचा नंबर त्यांना पाठ नव्हता. स्वतःचा मात्र झोपेतही सांगता आला असता, कारण ‘काही बिघडलं तर कळवा’ म्हणून तो त्यांनी अर्ध्या गावाला दिला होता. शिवणवालीच्या खडूने त्यांनी तो काचेवर लिहिला. तिने लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

“हॅलो,” पलीकडून बाईंचा आवाज आला.

हा आवाज फोरमननी कुठेही ओळखला असता. “अगं, तू?”

“कोण बोलतंय?”

“मी बोलतोय.”

“तुम्ही कसे बोलाल? तुम्ही तर माझ्यापुढे हीटर उघडून बसलाय.”

फोरमन दांडा सोडून खाली बसायचेच राहिले. “अगं, मी बसमध्ये आहे.”

“मग मी मघापासून सगळ्या जगासमोर कुणाला रागावतेय?”

“तोंड नाही का बघितलंस?”

“तुमचा कोट, तुमची कानटोपी, आणि हीटरचं झाकण हातात. तोंड कशाला बघायचं?”

“बाई, त्यांना धरून ठेव. सोडू नकोस,” फोरमन म्हणाले. बायकोला त्यांनी आजवर कधी ‘बाई’ म्हटलं नव्हतं.

बस केंद्रासमोर थांबली तेव्हा ताईंच्या मागोमाग अर्धी बस उतरली. वर्गात अपूर्णांक फळ्यावर तसेच राहिले होते. आजोबा गुडघ्यांवर बसून हीटरची चावी फिरवत होते आणि बाईंनी त्यांच्या कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. चावी फिरली, पाइपात गुडगुडलं आणि वर्गात ऊब यायला लागली. इतके दिवस सगळे त्या वर्गात कुडकुडत बसत होते. देशोदेशीच्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ताई वडिलांच्या गळ्यात पडून रडल्या. आजोबांनी त्यांना थोपटलं आणि फोरमनना पाहून नव्याने नमस्कार केला.

मग ताईंनी फोन पुढे धरला. बातम्यांचा आवाज म्हणाला, “ही इमारत पूर्वी शाळा होती. वडील इथे हीटर सांभाळायचे. मुलं येण्याआधी वर्ग गरम करायला ते अजून निघतात. वाटेत रस्ता विसरतात. गेल्या हिवाळ्यात ते कालव्याच्या काठी बर्फात बसलेले सापडले. म्हणून आमचं दार कुरकुरतं. दार कुरकुरलं की शेजारीण त्यांना परत वर आणते.”

फोरमनना मान वर करवेना. “ताई, माझं चुकलं. फार मोठं चुकलं. हात लावू नका म्हणून हिने मला बजावलं होतं.”

हेही फोनने त्याच थंड सुरात सांगितलं असावं. पण ताईंनी त्यांचा तेलकट हात हातात घेतला. फोन म्हणाला, “आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी तेल घालतंच. खोबरेल मात्र पहिल्यांदा.”

घरी गेल्यावर ताईंनी फडताळातून एक बाटली काढली. आत मिठाचं पाणी होतं. त्यांचा हात सराईत होता, पण खोबरेल चिवट निघालं. शेवटी फोरमनच बाह्या सरसावून बसले. गरम पाणी, साबण, मग मिठाचं पाणी, मग पुन्हा तेच. चांगली चाललेली वस्तू बिघडवायची त्यांची ही पहिलीच वेळ, निदान मुद्दाम. गंज धरेपर्यंत ते दाराला खुर्ची लावून बसून राहिले. आजोबा उठले की तेही उठत, आणि मग दोघं मिळून घरातला हीटर उघडून परत लावत. बाईंनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

निघायच्या आदल्या दिवशी दार एकदाचं बोललं. कुर्रर्र. जिन्यात शिवणवालीचं डोकं आलं, ओठातल्या टाचण्यांसकट हसलं. फोरमनना त्या आवाजाने भरून आलं. एवढी समाधानाची कुरकुर त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. मागे बाई ताईंना फोनमधून हळूच काहीतरी विचारत होत्या. पाण्यात मीठ किती, एवढंच त्यांच्या कानावर आलं. बायकांचं स्वयंपाकाचं काही असेल, म्हणून ते बॅग भरायला गेले.

गावी परतल्यावर काही दिवस फोरमन गुणी मुलासारखे वागले. मग वरच्या मजल्यावरचं कपड्यांचं मशीन धाडधाड करतं, अशी बातमी आली. बाई स्वयंपाकघरात होत्या. फोरमननी पाना खिशात टाकला, चपला हातात घेतल्या आणि आपलं ते लोण्यासारखं दार अलगद उघडलं.

कुर्रर्र.

फोरमन जागच्या जागी थिजले. वाकून पाहिलं, तर बिजागरीवर मिठाची पांढरी रेघ होती.

“कुठे निघालात?” आतून बाईंनी विचारलं.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि शेजारच्या वहिनींनी हातात लाटणं घेऊन डोकं बाहेर काढलं. त्यांनी फोरमनना आपादमस्तक पाहिलं, खिशातला पानाही पाहिला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “चला बरं काका, घरात चला.”

फोरमनना आजोबा आठवले. कोट घालून निघालेले, थंडीत एकटेच चढ चढणारे, कुणीतरी वाट बघतंय असं वाटणारे. त्यांनी चपला खाली ठेवल्या.

“कुठे नाही गं,” ते म्हणाले. “दार नीट वाजतंय का, ते बघत होतो.”

आणि दार लावून घेतलं. तेही आत-बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं.